दोरीचं दुसरं टोक

बँकेच्या काउंटरवरचं बॉलपेन दोरीने बांधलेलं असतं. या दोरीवरून आम्हा बँकवाल्यांची जितकी टिंगल झाली आहे तितकी आमच्या व्याजदरांवरूनही झालेली नाही. "आम्ही आमची जन्माची पुंजी तुमच्या हवाली करायची, आणि तुम्ही आमच्यावर साध्या पेनाचाही विश्वास टाकायचा नाही!" हे वाक्य गेली वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. बोलणाऱ्याला दर वेळी वाटतं की हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मीही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो. ग्राहकसेवा म्हणतात ती हीच.

पण खरं सांगतो, त्या दोरीबद्दल माझ्या मनात आदर आहे. कारण ती उघड आहे. पेन उचललं की पहिल्याच अक्षराला तिचा हिसका बसतो आणि उचलणाऱ्याला कळतं, की बाबा रे, या वस्तूला मालक आहे आणि मालकाचा तुझ्यावर पुरता भरवसा नाही. इतकं सरळ बोलणारी दुसरी वस्तू आमच्या बँकेत नाही. कर्जाच्या अर्जावरच्या अटीसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाहीत. त्या बारीक अक्षरात बोलतात.

गेल्या काही वर्षांत या दोरीच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. एक, ती लांब झाली. इतकी लांब, की वस्तू नाशकात आणि दोरीचं टोक नागपुरात असलं तरी चालतं. आणि दुसरं, ती दिसेनाशी झाली. पहिल्या गोष्टीचं कौतुक सगळीकडे चालू आहे. मला काळजी दुसरीची आहे.

चोरीच्या बाबतीत आपण मराठी माणसं पहिल्यापासून सावध. स्टीलची वाटी घेतली तरी दुकानातच त्या गुर्‌गुर् करणाऱ्या यंत्राने तिच्यावर नाव घालून घेतल्याशिवाय आपण ती घरी आणत नाही. देवळात जाताना एक चप्पल उजव्या कोपऱ्यात आणि दुसरी डाव्या कोपऱ्यात ठेवणारे भाविक मी पाहिले आहेत. त्यामागे शास्त्र आहे. चोराला घाई असते, जोड जुळवायला त्याला सवड नसते. मात्र दर्शन घेऊन बाहेर आल्यावर स्वतःलाच दुसरा कोपरा आठवत नाही, आणि मग देवापुढे जेवढा वेळ उभा राहिला नाही तेवढा वेळ तो भाविक चपलांपुढे उभा राहतो.

या सगळ्या उपायांत एक उणीव होती. वाटीवरचं नाव वाटी कुणाची ते सांगतं, वाटी कुठे आहे ते सांगत नाही. आमच्या आईचं नाव घातलेली एक वाटी शेजारी गेली होती. तिच्यातून कधी शिरा आला, कधी दिवाळीचा चिवडा आला, आणि प्रत्येक वेळी आपल्याकडची रिकामी वाटी परत द्यायच्या भानगडीत ती पुन्हा तिकडेच गेली. ती नेमकी कुणाच्या फडताळात आहे, हे कुणी शोधलं नाही. वाटी हरवली, पण शेजार राहिला. हा हिशेब तोट्याचा आहे असं बी.कॉम. असूनही मला वाटत नाही.

आता मात्र वाटीला सुटका नाही. एप्रिल २०२१ मध्ये ॲपल कंपनीने एअरटॅग नावाची एक चकती बाजारात आणली. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी, वजन अकरा ग्रॅम. भारतात आली तेव्हा किंमत ३,१९० रुपये. आत मनगटी घड्याळात असते तशी एक चपटी बॅटरी, ती साधारण वर्षभर चालते. चकती किल्लीला लावा, बॅगेत टाका, स्कूटरच्या सीटखाली दडवा. वस्तू कुठे आहे ते आपल्या फोनच्या नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिसतं. इतर कंपन्यांच्याही अशा चकत्या आहेत. आपापल्या फोनच्या जातीप्रमाणे घ्यायच्या.

पुष्कळांची समजूत अशी, की या चकतीचं आकाशातल्या उपग्रहाशी बोलणं चालतं. तसं काही नाही. ती फक्त जवळपास ऐकू जाईल अशी कुजबुज करते, "मी इथे आहे, मी इथे आहे." शेजारून जाणाऱ्या कुणाही परक्या माणसाच्या फोनला ती ऐकू येते. तो फोन आपण कुठे आहोत ते जाणतो, आणि निरोप सांकेतिक भाषेत पुढे धाडून देतो. फोनच्या मालकाला पत्ताच नसतो. तो बिचारा भाजी घ्यायला निघालेला असतो आणि जाता जाता कुणाची तरी हरवलेली बॅग शोधून देत असतो. नकळत घडणाऱ्या परोपकाराचं पुण्य लागतं की नाही, हा प्रश्न मी कीर्तनकारांवर सोपवतो.

अर्थात माग काढण्याची विद्या नवी नाही. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये असं आपल्याकडे सांगतात, त्यामागची स्यमंतक मण्याची गोष्ट ही मागाचीच गोष्ट आहे. सत्राजिताचा मणी गळ्यात घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला गेला तो परत आला नाही. लोक म्हणाले, मणी कृष्णाने पळवला. आळ आल्यावर कृष्ण स्वतः माग काढत निघाला. वाटेत प्रसेन मरून पडलेला. पुढे त्याला मारणारा सिंह मरून पडलेला. त्यापुढे जांबवंताची गुहा, आणि गुहेत काय, तर एक लहान मूल त्या मण्याशी खेळतं आहे! पुढचं अठ्ठावीस दिवसांचं युद्ध सगळ्यांना आठवतं. मला ते मूल आठवतं. मागाच्या शेवटी दर वेळी चोरच सापडेल असं नाही, एखादं खेळणारं मूलही सापडतं.

पूर्वी गावोगाव जागल्या असे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग आपल्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या जागल्याला पटवून दिला, की याची जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. कच्छमधले पागी तर वाळूतल्या पावलावरून माणूस ओळखण्यासाठी प्रसिद्ध होते. 'ही आमची हद्द नाही' या वाक्याला केवढी थोर परंपरा आहे ते यावरून ध्यानात यावं. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येईल अशी लेखी सोय आहे. म्हणजे कायद्याने शीव पुसली. आता माग तेवढा काढायचा राहिला.

आमच्या शाखेत चकती सर्वांत आधी आणली ती हेडकॅशियरनी. हा गृहस्थ जेवणाच्या डब्याचं झाकणही दोनदा ओढून पाहतो. त्यांनी एक चकती किल्ल्यांना लावली, एक स्कूटरमध्ये दडवली आणि एक बॅगेच्या अस्तरात शिवून घेतली. तीन महिने बॅग त्यांच्या खांद्यावर आणि ठिपका त्यांच्या फोनवर अशी दोघं एकाच ठिकाणी सुखाने नांदत होती. मग एका संध्याकाळी बसमधल्या गर्दीत बॅग गेली, आणि हेडकॅशियर चक्क खूश झाले. पॉलिसी घेतलेल्या माणसाच्या घरी छोटीशी आग लागावी तसं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. "आता बघाच!" असं म्हणून त्यांनी फोन उघडला.

ठिपका एका जुन्या चाळीवर जाऊन बसला होता.

पोलीस चौकीतल्या हवालदारांनी फोन हातात घेऊन नीट पाहिला. म्हणाले, "साहेब, ठिपका मला पण दिसतोय. त्या ठिपक्यावर चाळीस बिऱ्हाडं आहेत. सांगा, कुणाचं दार वाजवू?"

मला तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत घालण्याच्या लायकीचा वाटला. यंत्र म्हणतं, वस्तू इथे आहे. 'इथे' म्हणजे कुठल्या दारामागे, हे सांगायची त्याची ऐपत नाही. आणि दारामागे चोर आहे, चोराची आई आहे, की चोराकडून शंभर रुपयांत बॅग विकत घेतलेला कुणी शाळकरी पोरगा आहे, हे तर त्याला मुळीच माहीत नाही. हवालदारांनी तक्रार लिहून घेतली, चौकशी करतो म्हणाले, आणि हेडकॅशियरना बजावलं, "तुम्ही एकटे वर जाऊ नका."

ते वर गेले नाहीत. पण खाली मात्र उभे राहिले. दोन तास. जिन्यावरून उतरणारा पोरगा त्यांना चोर वाटला. गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई चोराची साथीदार वाटली. कोपऱ्यावरच्या वाण्याने "कुणाकडे आलात?" असं विचारलं, तर तो टोळीचा म्होरक्या वाटला. दुसऱ्या दिवशी नकाशावरचा ठिपका सरकला, नाल्याच्या कडेला जाऊन थांबला, आणि तिथे चकती तेवढी मिळाली. अस्तर फाडून कुणीतरी फेकून दिलेली.

"बॅगेचं जाऊ दे हो," हेडकॅशियर डबा खाताना म्हणाले, "बॅगेत होतं काय, छत्री आणि डबा. पण दोन तासांत मी चाळीस घरांना चोर ठरवलं. एरवी बॅग गेली असती तर एका अनोळखी माणसाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो."

इथे प्रश्नाचं पहिलं टोक माझ्या हाताला लागलं. वस्तू कुठे गेली ते ठाऊक नसतं तेव्हा माणसाला फक्त दुःख करायचं असतं. ठाऊक झालं की निर्णय करायचा असतो. दुःख त्या मानाने स्वस्त.

आता चोराच्या बाजूने कुणी उभं राहावं असं माझं म्हणणं नाही. चोरलेली वस्तू मालकाला मिळालीच पाहिजे. आणि अदृश्य दोरीची एक थोर गोष्ट मला या निमित्ताने कळली, ती सांगितलीच पाहिजे; कारण ती अर्थशास्त्राची आहे, आणि बी.कॉम.ला शिकलेलं अर्थशास्त्र वापरायची संधी पासबुकं छापताना वारंवार येत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ साली लोजॅक नावाचं एक यंत्र आलं. मोटारीत कुठेतरी दडवायचं. मोटार चोरीला गेली की ते रेडिओचा संदेश सोडू लागे, आणि तो पकडायची सोय पोलिसांच्या गाड्यांत केलेली असे. यातली मेख अशी, की मोटारीवर 'आत लोजॅक आहे' अशी चिठ्ठी लावलेली नसे. बाहेरून काही कळायचं नाही. इयान एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अभ्यासकांनी १९९८ साली यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही मोटारीच्या चाकाला चारचौघांना दिसेल असं दणकट कुलूप लावता, तेव्हा चोराला काय सांगता? 'बाबा, इथे नको, शेजारच्याची मोटार बघ.' म्हणजे तुमचं कुलूप शेजाऱ्याच्या मुळावर. उलट यंत्र लपलेलं असेल, तर कुठल्या मोटारीत ते आहे ते चोराला कळत नाही आणि त्याला सगळ्याच मोटारींची धास्ती वाटते. यंत्राचे पैसे एकाने भरायचे, फायदा सबंध आळीला. त्यांच्या हिशेबाने एकूण फायद्यातला दहा टक्क्यांहूनही कमी वाटा पैसे भरणाऱ्याच्या पदरात पडत होता. उरलेलं सगळं दानधर्मात.

मला हे वाचून गहिवरून आलं. आयुष्यभर आपण गोदरेजचं कुलूप दाराला लावून कडी तीनदा ओढून पाहिली, आणि प्रत्येक वेळी चोराला शेजाऱ्याचा पत्ता दिला! आणि हा अमेरिकेतला मोटारवाला बघा, गुपचूप यंत्र बसवून अख्ख्या आळीचं रक्षण करतो आणि कुणाला सांगतही नाही. २०२३ साली न्यू यॉर्कच्या महापौरांनी मोटारींत ठेवण्यासाठी पाचशे एअरटॅग फुकट वाटले, त्यामागे हेच गणित असणार.

तात्पर्य, लपलेली दोरी हा सद्‌गुण. इथे निबंध संपला असता तर फार बरं झालं असतं. पण वस्तूला एक वाईट खोड आहे. वस्तू आपल्या पायांनी चालत नाही, तिला कुणीतरी माणूस नेतो. म्हणून वस्तूला बांधलेली प्रत्येक दोरी शेवटी माणसालाच बांधलेली असते.

हे सर्वांत आधी ध्यानात आलं ते वाईट माणसांच्या. चकती विकत घ्यायची आणि आपल्या बॅगेत न ठेवता एखाद्या बाईच्या पर्समध्ये किंवा गाडीत गुपचूप टाकायची. ती कुठे राहते, कुठे जाते, कुणाकडे थांबते, सगळं घरबसल्या फोनवर. अशा तक्रारी झाल्या, अमेरिकेत खटले झाले. कंपनीने चकतीत एक सोय पहिल्यापासूनच ठेवली होती. मालकापासून तीन दिवस दूर राहिली की चकतीने आवाज करायचा. पुढे जून २०२१ मध्ये तीन दिवसांचे आठ ते चोवीस तास केले. परकी चकती आपल्याबरोबर फिरत असेल तर आपला फोनही 'तुमच्याबरोबर कुणाची तरी चकती आहे' असं सांगतो. मे २०२४ पासून ॲपल आणि गूगल या दोघांनी मिळून ही सूचना दोन्ही जातींच्या फोनवर मिळेल अशी व्यवस्था केली.

आता वाचकहो, जरा थांबून विचार करा. हेडकॅशियरची बॅग चोरून नेणारा इसम, आणि पर्समध्ये कुणीतरी चकती टाकलेली ती निरपराध बाई. चकतीच्या दृष्टीने या दोघांत फरक काय? काही नाही. चकतीला एवढंच कळतं, की मी मालकापासून दूर आहे आणि एका परक्या माणसाबरोबर फिरते आहे. चोराबरोबरही हेच, बाईबरोबरही हेच. बाईला सावध करायचं तर चोरही सावध होतो. चोराला अंधारात ठेवायचं तर बाईही अंधारात राहते. घंटा एकच आहे. ती वाजवायची की नाही, एवढंच ठरवायचं.

त्या लोकांनी घंटा वाजवायची ठरवली. म्हणजे बॅगा चोरीला जाण्यासाठीच विकलेल्या यंत्राने स्वतःच चोराला सांगायचं, 'मी इथे आहे, मला फेकून दे.' धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे. हेडकॅशियर तर भयंकर चिडले. "हे म्हणजे आमच्या तिजोरीने दरोडेखोराला खाकरून जागं करण्यासारखं झालं!" पण मला ते पटलं. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपण सिनेमातल्या वकिलांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खरं असेल असं कधी वाटलंच नव्हतं. इथे ते चपट्या बॅटरीवर चालताना दिसलं. शंभर बॅगा गेल्या तरी चालतील, पण एका बाईच्या पाठीवर कुणाचे डोळे नकोत.

न्यायालयंही याच वाटेने गेलेली दिसतात. अमेरिकेत पोलिसांनी एका संशयिताच्या बायकोच्या जीपला वैध वॉरंटशिवाय यंत्र लावून अठ्ठावीस दिवस तिचा माग ठेवला. कृष्ण-जांबवंताचं युद्धही तितकेच दिवस चाललं होतं, हा निव्वळ योगायोग. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यात न्यायमूर्तींमध्ये एक गमतीदार वाद झाला. एक म्हणाले, जुन्या काळी शिपायाने एखाद्याच्या घोडागाडीत लपून त्याच्या हालचाली टिपल्या असत्या तर ते जसं, तसंच हे. दुसरे म्हणाले, त्यासाठी घोडागाडी तरी प्रचंड मोठी हवी किंवा शिपाई तरी अगदीच चिमुकला हवा. तो चिमुकला शिपाई आता बाजारात मिळतो, एवढंच.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आणि जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपण कुठे आहोत ते फोनच्या नकाशावरून तपास अधिकाऱ्याला सतत दिसू द्यावं, अशी अट जामिनात घालता येणार नाही.

हा निकाल मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. त्याला कारण होतं. चिरंजीव कॉलेजात गेल्यापासून क्लास किती वाजता सुटतो आणि चिरंजीव किती वाजता उगवतात यांचा ताळमेळ लागत नव्हता, आणि सौ.च्या मनात त्याच्या सॅकमध्ये एक चकती टाकायचं घाटत होतं. मी म्हटलं, "अगं, जो हक्क आरोपीला आहे तो आपल्या मुलाला नसावा?"

सौ. म्हणाली, "अहो, त्या न्यायाधीशांत आरोपीची आई कुणी होती का?"

यावर सर्वोच्च न्यायालयाकडेही उत्तर असेल असं वाटत नाही. अखेर चिरंजीवांनाच बोलावून विचारलं. "उशीर होणार असला तर फोन करीन, पण सॅकमध्ये हेर नको," असा तह झाला. तो तह तो पाळतो. निदान फोन तरी करतो.

पण खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती मुलाच्या बाबतीत नव्हती, वडिलांच्या बाबतीत होती.

आमचे अप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं डेपोच्या खिडकीत बसून त्यांनी लोकांना गाड्या कुठे आहेत ते सांगितलं. ना चकती, ना नकाशा. "सटाण्याची गाडी घाटाखाली असेल, वीस मिनिटांत लागेल," असं ते नुसतं घड्याळाकडे बघून म्हणत आणि गाडी लागे. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते वाचनालयात पुस्तक बदलायला गेले आणि तीन तासांनी एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. रिक्षावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजोबा स्टँडवर चला म्हणाले, म्हणून नेलं. तिथे उतरल्यावर घर कुठलं ते सांगता येईना. पिशवीत वाचनालयाचं कार्ड होतं, त्यावरचा पत्ता बघून आणलं." त्याने जायच्या-यायच्या भाड्यावर एक रुपया जास्त घेतला नाही. चकती नव्हती त्या काळात जग कसं चालत होतं, याचं उत्तर बहुतेक असंच आहे.

त्या रात्री घरात परिषद भरली. डॉक्टर म्हणाले होते, ही सुरुवात आहे. चकती हवी याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न होता सांगायचं की नाही. सौ. म्हणाली, "टोपीच्या अस्तरात शिवून टाकते. त्यांना कशाला सांगायचं? उगाच मनाला लागेल." चिरंजीव म्हणाला, "पुस्तकाच्या पिशवीत टाकू. कळणारच नाही." दोघांच्याही बोलण्यात माया होती. लपवण्यामागे कपट असलं तर ते ओळखता तरी येतं. माया असली की फार अवघड.

मला झोप लागली नाही. वाटलं, अप्पांना त्या संध्याकाळी घर आठवलं नाही. पण उद्या टोपीत हाताला काहीतरी कडक लागलं, तर ते काय आहे हे त्यांना नक्की कळेल. विसरायला लागलेल्या माणसाला सगळ्यांत आधी हेच समजतं, की आपल्यामागे घरात कुजबुज चालू झाली आहे. त्यांचा एक रस्ता हरवला होता. त्यावर उपाय म्हणून आपण त्यांचा घरावरचा विश्वास हरवायचा? रस्ता दाखवणारी चकती मिळते. दुसरीची मिळत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी चकती त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ती काय करते, ठिपका कुठे दिसतो, कुणाला दिसतो.

अप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "म्हणजे मी चोरीला जाणार आहे होय?"

मी म्हटलं, "नाही हो अप्पा. पण कधी लेट झालात, तर कळावं."

'लेट' हा शब्द त्यांच्या खात्यातला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी गाड्यांची नोंद ठेवली. आता माझी नोंद तुम्ही ठेवणार. ठेवा. माझी हरकत नाही. पण एक नियम आहे. नोंद एकतर्फी नसते. गाडी सुटली की सुटल्याची नोंद आम्ही करायचो, पोचली की पुढच्या डेपोने पोचल्याची करायची. माझी तू ठेव, तुझी मी ठेवीन."

आता चकती अप्पांच्या किल्लीच्या जुडग्याला सर्वांना दिसेल अशी लटकते. विचारलं तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला तिची माहितीही देतात. आणि माझा फोन कुठे आहे ते सौ.च्या फोनवर त्यांना दिसतं. ते कसं पाहायचं हे नातवाने त्यांना शिकवलं आहे. कधी विसरतात, मग तो पुन्हा शिकवतो. रोज संध्याकाळी मी बँकेतून निघालो की ते खुर्ची गॅलरीत घेऊन बसतात आणि आत सुनेला सांगत राहतात, "सुटला." "सिग्नलला थांबलाय." "पुलावर आलाय. आज बारा मिनिटं लेट आहे, चहा आत्ताच टाकू नकोस."

मला हे सगळं पुलावरच ठाऊक असतं. चाळिशी उलटलेल्या, तिजोरीची दुसरी किल्ली सांभाळणाऱ्या माणसावर रोज पाळत आहे, आणि ती त्याला आवडते आहे. हेडकॅशियर म्हणतात, हा विरोधाभास आहे. मला तसं वाटत नाही. गॅलरीच्या खाली आलो की मी वर बघून हात करतो. अप्पा फोनकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि दोन्हींचा मेळ बसला की आत सांगतात, "लागली गाडी."